मागच्या जिन्यानं

नियम एकच आहे. हॉटेलात शिरायचं ते पुढच्या दारानं, जिथे दरवान पांढरे हातमोजे घालून उभा असतो. बाहेर पडायचं ते मागच्या, नोकरांच्या जिन्यानं. प्रत्येक मोठ्या हॉटेलात तो असतोच. त्याला गालिचा नसतो, खिडकी क्वचित, आणि भिंतीवर कमरेच्या उंचीला चादरींची गाठोडी घासून घासून पडलेला काळपट पट्टा असतो. हा जिना उतरताना मधल्या अंधाऱ्या वळणावर साल बदलतं. खाली पोचाल तेव्हा देश फ्रान्सच असेल, पण लोक वेगळ्या गोष्टींना घाबरत असतील. तुमच्या खिशात एक वही आहे. खोली कशी आहे आणि सरबराई कशी आहे, एवढंच लिहायचंय.

मार्च १८९७. नीस शहरामागच्या सिमिए टेकडीवर तुम्ही घोडागाडीतून उतरता. समोर एक्सेलसिऑर हॉटेल रेजिना, इतकं नवं की रंगाचा वास अजून दारात रेंगाळतोय. पहिला धक्का समुद्राचाच बसतो. तो पार खाली, छपरांच्या पलीकडे, निळ्या रेघेएवढा दिसतो. तुम्ही काउंटरवर जरा तक्रारीच्या सुरात विचारता, तर कारकून कीव आल्यासारखं बघतो. लाटांच्या अगदी जवळ राहणं नाजूक प्रकृतीला मानवत नाही, असं डॉक्टर सांगतात. म्हणून तर पैसेवाले रोगी टेकडी चढून येतात. आणि येतात ते हिवाळ्यात. मे महिना लागला की इथली हॉटेलं झडपा लावून मोकळी होतात. उन्हाळ्यात या किनाऱ्यावर राहील तो कोळी, नाहीतर वेडा.

तेव्हा इथे खोली जोखायची ती उन्हावर. दक्षिणेकडची मागा. सकाळी किती वाजता ऊन पलंगावर येतं आणि दुपारनंतर कधी उठून जातं, ते लिहून ठेवा. शेजारच्या खोलीतल्या इंग्रज बाई स्वतःचा थर्मामीटर घेऊन आल्या आहेत. सूर्य कलला की त्या खिडकी लावून घेतात, कारण या घटकेची थंडी छातीत बसते असं त्यांच्या डॉक्टरानं बजावलंय. उत्तरेकडच्या खोल्या नोकरचाकरांना, किंवा ज्यांचे पैसे संपत आलेत अशांना.

मग पडद्याला नाक लावा. हसू नका. कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवून दिल्याला पंधरा वर्षं झाली आहेत, आणि या किनाऱ्यावर माणसं खोकण्यासाठीच येतात. हे हॉटेल नवं म्हणून निभावलं. खाली शहरातल्या जुन्या हॉटेलांमध्ये मखमलीचे पडदे, झालरी, जाड गालिचे यांवर मालकांनी पाण्यासारखा पैसा ओतलाय, आणि नेमकं त्याचंच आता पाहुण्यांना भय वाटायला लागलंय. आपल्या आधी या गादीवर कोण होतं? ते इथून पायांनी चालत गेलं का?

या हॉटेलची सगळ्यात मोठी पाहुणी मात्र मालकाच्या सामानावर विसंबलेलीच नाही. व्हिक्टोरिया राणी 'बाल्मोरलची काउंटेस' अशा नावानं प्रवास करते, जणू कुणाला पत्ताच लागणार नाही, आणि येताना स्वतःचा पलंग बरोबर आणते. हॉटेलनं तिला दिली ती हवा आणि भिंती. तिच्याकडून हॉटेलला मिळालं ते नाव, आणि त्या नावावर पुढची कित्येक वर्षं खोल्या खपल्या. सौदा वाईट नाही. पण सरबराई जोखायची तर तिच्या मजल्यावर काही हाती लागणार नाही, तिथे सगळी तिचीच माणसं आहेत. मागच्या जिन्याकडे वळा.

तिथे नाकाला ओळखीचा वास येतो. कुणीतरी मसाला परततंय. राणीचे हिंदुस्थानी खानसामे, आणि त्यांच्याहून कितीतरी वर, पदानं आणि तोऱ्यानंही, आग्र्याचे मुन्शी अब्दुल करीम. मुन्शी येणार असतील तर आम्हाला त्यांच्या पंगतीला बसावं लागेल, आम्ही राजीनामे देऊ, असं दरबारच्या मंडळींनी निघण्याआधी कळवलं होतं. राणीनं संतापून मेजावरचं सगळं सामान हाताच्या एका फटकाऱ्यानं जमिनीवर लोटलं, अशी हकीकत सांगतात. मुन्शी आले. आता तुम्ही, त्यांच्याच रंगाचे, हातात वही घेऊन त्या जिन्याच्या तोंडाशी उभे आहात. खालून येणारा हमाल थबकतो. तुम्ही पाहुणे आहात की नोकर, म्हणजे बाजूला कुणी व्हायचं, हे ठरवायला त्याला एक क्षण लागतो. तो क्षण लिहून ठेवा. उरलेलं पान कोरं राहिलं तरी चालेल.

वळणानंतर गर्दी. १९००, पॅरिसचं जागतिक प्रदर्शन. समुद्र इथे नाही, पण समुद्रकाठच्या खोल्यांचं भवितव्य इथे मांडून ठेवलंय म्हणून दोन मिनिटं थांबा. तूरिंग क्लब द फ्रान्स ही सायकलवाल्यांनी दहा वर्षांपूर्वी काढलेली संस्था. गावोगावच्या हॉटेलांत ढेकूण आणि उकिरड्यासारखे संडास यांना विटलेल्या या मंडळींनी प्रदर्शनात एक आदर्श खोलीच उभी केली आहे. भिंती धुता येतील अशा, फर्निचर पांढरं, पडद्यांचा पसारा नाही, धूळ दडून बसेल असा कोपरा नाही. बघायला आलेल्या काही बायका नाक मुरडतात, इस्पितळ वाटतं म्हणतात. दोनच वर्षांपूर्वी सेझार रिट्झनं पॅरिसच्या प्लास व्हांदोमवर हॉटेल उघडलं तेव्हा त्यानंही भिंतींवरचा कागद हटवून रंग दिला होता, आणि खोलीला लागून न्हाणीघर. एका स्विस शेतकऱ्याचा तेरावा मुलगा राजेरजवाड्यांना स्वच्छता शिकवत होता. याच वर्षी मिशेलिन ही टायर कंपनी मोटारवाल्यांना एक लाल पुस्तक फुकट वाटते. त्यात हॉटेलांपुढे खुणा आहेत, फोटो धुवायला अंधारी खोली आहे का याचीसुद्धा. म्हणजे मालक स्वतःबद्दल जे छापायचा त्यावर विश्वास ठेवण्याचे दिवस सरले. आता चिन्हं आली, आणि चिन्हं देणारे अनोळखी लोक आले. तुमच्या वहीचे पूर्वज तेच.

ऑगस्ट १९१०. आता समुद्र थेट पायाशी. नॉर्मंडीतलं काबूर, पंख्याच्या काड्यांसारखे रस्ते पसरलेलं गाव, आणि मुठीच्या जागी कसिनो व ग्रँड हॉटेल. पॅरिसहून आगगाडीनं तुम्ही आलात. ही इमारत १९०७ च्या उन्हाळ्यात उघडली, आणि इथला हंगाम उन्हाळ्याचा आहे. उत्तरेकडच्या या करड्या समुद्रात लोक खरोखर उतरतात. कारकून विचारतो, समुद्राकडची की गावाकडची? समुद्राकडची घ्या. तिच्यात तपासण्यासारखं जास्त असतं.

समुद्रकाठची खोली डोंगरातल्या खोलीसारखी तपासून चालत नाही. इथे मालकाच्या विरुद्ध रात्रंदिवस खारा वारा काम करत असतो. आधी खिडकीची कडी वर-खाली करा. ती एका बोटानं सरकली तर कुणीतरी तिला दर आठवड्याला तेल घालतंय; दोन हात लागले तर उरलेली खोली बघायची गरज फारशी नाही. मुठीचं पितळ बघा, विशेषतः खालच्या बाजूनं, जिथे हिरवट गंज धरतो. पलंगपोस उचलून चादरीला हाताची पालथी बाजू लावा, कारण दमटपणा तळव्याला चटकन कळत नाही. न्हाणीच्या नळाखाली वाळूचे कण आहेत का? असतील तर आधीच्या पाहुण्याची पोरं अजून पूर्ण गेलेली नाहीत. आणि शेवटी कपाटाचा खालचा ड्रॉवर ओढा. वरचा सगळेच उघडतात, म्हणून तो पुसलेला असतो. खालचा दमट हवेनं फुगून अडकतो. तो अलगद सरकला, आत कागद बदललेला असला, तर या मजल्यावरची बाई आपलं काम कुणी बघत नसतानाही करते असं समजा. एवढ्या एका खणाला मी झुंबरापेक्षा जास्त गुण देईन.

तिसऱ्या प्रहरी सगळ्यात वरच्या मजल्यावर जा. कॉरिडॉरमध्ये नोकर चवड्यांवर चालताहेत. एका दाराखालून औषधी पावडर जाळल्याचा धूर येतोय. आतला पाहुणा दम्याचा आहे, दिवसा झोपतो, संध्याकाळी उठतो. वय ३९, नाव मार्सेल प्रूस्त. १९०७ पासून तो दर उन्हाळ्यात येतोय आणि महायुद्ध पेटेपर्यंत येत राहील. त्याचं खोली जोखण्याचं माप एकच, आवाज. डोक्यावर पावलं नकोत म्हणून वरचा मजला. शेजारी कुणी खाकरू नये म्हणून लागूनच्या खोल्याही घ्यायची त्याची तयारी असते. याच उन्हाळ्यात तिकडे पॅरिसला त्याच्या झोपायच्या खोलीच्या भिंतींना बुचाचे तक्ते ठोकले जाताहेत. सिमिएला लोक शेजाऱ्याच्या खोकल्यातल्या जंतूंना भीत होते. इथे एक माणूस त्याच खोकल्याच्या आवाजाला भितोय. तेरा वर्षांत तेवढा फरक पडला.

(गेल्याच महिन्यात, ८ जुलैला, फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला मार्सेय बंदरात विनायक दामोदर सावरकरांनी मोरिया बोटीच्या पोर्टहोलमधून पाण्यात उडी घेतली. ती उडी आपण शाळेत शिकतो. त्याच आठवड्यांत त्याच देशाच्या उत्तर किनाऱ्यावर माणसं उशीच्या मऊपणाची चर्चा करत होती, हे आपल्याला कुणी सांगत नाही. सांगायचं कारणही नाही म्हणा.)

हॉटेलच्या माणसांना हा पाहुणा आवडतो, आणि त्याला कारण त्याची बक्षिशी. ती इतकी सढळ की घेणाराच ओशाळावा. पण नुसती बक्षिशी नाही. तो वेटरांशी, लिफ्टच्या पोराशी बोलतो, त्यांना प्रश्न विचारतो, कोण कुणाबरोबर जेवलं, कोण कुणाशी अबोल आहे. पाहुण्यांकडे बघणं हे नोकरांचं कामच. हा बघणाऱ्यांकडे बघतो. १९१९ मध्ये प्रसिद्ध होणाऱ्या त्याच्या कादंबरीच्या दुसऱ्या खंडात हे हॉटेल 'बाल्बेकचं ग्रँड हॉटेल' होऊन अवतरेल. भारदस्त शब्द वापरण्याच्या नादात भलतेच शब्द वापरणारा मॅनेजर त्यात असेल. काचेच्या दारांची बुटकी कपाटं असतील आणि त्यांच्या काचांत समुद्राचे तुकडे दिसतील. रात्री दिव्यांनी उजळलेलं भोजनगृह असेल, आणि बाहेरच्या अंधारात काचेला नाक लावून आतल्यांचं जेवण मत्स्यालयासारखं बघणारे कोळी आणि कामगार असतील.

ते भोजनगृह आत्ता तुमच्यासमोर आहे, तेव्हा जेवून घ्या. काचा बंद, समुद्र चित्रातल्यासारखा, वारा नावाला नाही. कादंबरीतल्या आजीला हेच सहन होत नाही. एवढ्या लांब येऊन हवाच नाकारायची म्हणजे काय, म्हणून ती हळूच एक काच उघडते, आणि मेनूकार्डं, वर्तमानपत्रं, टोप्या सगळं भोजनगृहभर उडतं. तुम्हीही वेटरला विचारून बघा, खिडकी उघडता येईल का. तो काय उत्तर देतो यापेक्षा कसं देतो ते बघा. वाईट वेटर नियम सांगेल. मध्यम वेटर मॅनेजरला बोलावेल. चांगला वेटर 'हो' म्हणेल आणि तुम्हाला दाराजवळच्या टेबलाकडे असं घेऊन जाईल की ती कल्पना तुमचीच वाटावी.

रात्री खोलीत परतल्यावर मात्र वही अडते. भिंतीवर टिचकी मारलीत, ती पातळ आहे. शेजारचा माणूस घड्याळाला चावी देतोय तेही ऐकू येतं. दोष म्हणून लिहायला पेन टेकवता आणि आठवतं की कादंबरीतला तो आजारी मुलगा पहिल्या रात्री परक्या, उंच छताच्या खोलीत घाबरून जातो. घड्याळ, पडदे, कपाटं, सगळ्या वस्तू त्याला वैरी वाटतात. त्याला धीर येतो तो पलीकडे झोपलेल्या आजीमुळे. भिंतीवर तीन टकटक केल्या की ती ऐकते, आणि तिकडून तीन टकटक येतात. शेजारच्या खोल्या रिकाम्या ठेवायला निघालेल्या माणसानंच हे लिहिलं. भिंत जाड असती तर ते पान झालं नसतं. मी तरी या रकान्यात काही लिहू शकलो नसतो, तुम्ही बघा.

जानेवारी १९१३, परत नीस, या वेळी खाली, समुद्रासमोरच्या रस्त्यावरच. बुखारेस्टहून आलेल्या हेन्री नेग्रेस्कोनं आपल्या नावाचं हॉटेल उघडलंय. वास्तुविशारद एद्वार निरमान्स, गुलाबी घुमट, मोटारी बनवणाऱ्या दाराकचा पैसा. सगळं चकाकतं, सगळं चालतं. तुम्हाला एकही खोट सापडत नाही. फार वेळ घालवू नका. दीड वर्षात युद्ध सुरू होईल, या खोल्यांत जखमी सैनिक झोपतील, आणि मालक १९२० मध्ये खंगून मरेल. इतक्या निर्दोष खोलीबद्दल लिहिण्यासारखं फारसं नसतं, असं माझं मत आहे. ते पूर्वग्रहदूषित असेल.

जुलै १९२३, काप द'आंतीब. दारात दरवान नाही. दार ढकलून तुम्हीच आत जाता. लॉबीत झुंबरांना चादरी गुंडाळलेल्या, खुर्च्या एकावर एक. हॉटेल द्यू काप १८८९ पासून हिवाळ्यात चालतं आणि उन्हाळ्यात मिटतं, ही इथली रीत. या वर्षी जेराल्ड आणि सारा मर्फी या अमेरिकन जोडप्यानं मालक आंत्वान सेला यांना गळ घातली, आणि त्यांनी एक भाग उघडा ठेवला. आचारी एक, वेटर एक, खोल्या आवरणारी एक. मर्फी कुटुंब आहे, एक चिनी कुटुंब आहे, पाब्लो पिकासो बायको, मूल आणि आईला घेऊन आलाय. आणि तुम्ही.

तुमच्या वहीत एव्हाना पुष्कळ रकाने झालेत आणि इथे त्यांतला एकही धड भरता येत नाही. दर खोलीमागे नोकर किती? मोजायला गेलं तर हसू येतं. टेलिफोन दुपारी दोन तास बंद असतो आणि संध्याकाळी सातनंतर तर नाहीच. जवळच्या ला गारूप किनाऱ्यावर समुद्री शेवाळाचा थर साचलाय आणि तो खरवडून काढतोय कोण? पाहुणाच. जेराल्ड मर्फी रोज सकाळी दाताळं घेऊन थोडाथोडा किनारा मोकळा करतो. आपल्याकडे लग्नघरी आलेल्या पाहुण्यानं पानं वाढायला घ्यावीत तसा प्रकार. आणि तरी संध्याकाळी तो एकटा वेटर शेरीचा ग्लास तुमच्यापुढे ठेवतो तेव्हा लक्षात येतं की तुम्ही सांगितलेलं नव्हतं. काल घेतली होती, एवढंच. तीन माणसांच्या हॉटेलात कुणी काय खातं, कुठे बसतं, कधी गप्प होतं हे न सांगता कळतं. तीनशे माणसांच्या हॉटेलात त्यासाठी कार्ड ठेवावी लागतात.

खोलीचं मात्र उलटं झालंय. सिमिएला लोक जे ऊन पैसे देऊन विकत घेत होते तेच दक्षिणेचं ऊन जुलैत पलंगावर पडलं की तुम्ही उठून बसता. हिवाळ्यासाठी बांधलेल्या खोलीत आता झडप हवी, वारा आरपार हवा. खोली तीच आणि दिशा तीच, पण गुण उणे. लोक ऊन खोलीत नाही, अंगावर घ्यायला लागलेत. शेवाळ काढलेल्या त्या वीतभर वाळूत ते तेल चोपडून पडून राहतात, आणि शतकानुशतकं गोरेपणाला जपलेल्या वर्गाला सावळं होण्याची हौस सुटते. काही वर्षांतच या किनाऱ्यावरची हॉटेलं उन्हाळ्यात उघडी राहू लागतील. एफ. स्कॉट फिट्झजेराल्डच्या १९३४ च्या कादंबरीत हे हॉटेल नाव बदलून येईल. १९३६ मध्ये फ्रान्समध्ये कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्यानं मिळेल, सवलतीच्या तिकिटांवर गाड्या भरभरून समुद्राकडे धावतील, आणि महागड्या हॉटेलांतल्या माणसांना एक नवं भय मिळेल: आपल्यासारखे नसलेले लोक. तेव्हापासून जाहिरातीत 'एकांत' विकला जातोय.

एप्रिल १९५२, कान. क्रुआझेत रस्त्यावर झेंडे, चित्रपट महोत्सव सुरू आहे. २५ तारखेला याच गावात युरोपातल्या हॉटेलांचे कोंसिएर्ज जमलेत. खोलीच्या चाव्या सांभाळणाऱ्या त्या जुन्या काउंटरवाल्याचं आता बरंच काही झालंय, कोटाच्या कॉलरवर एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन सोनेरी किल्ल्या. पॅरिसचे कोंसिएर्ज १९२९ मध्येच एकत्र आले होते, आता देशोदेशींचे एक होताहेत. त्यांच्या धंद्याचं भांडवल ओळख. एकाला नाटकाचं तिकीट मिळत नसेल तर दुसऱ्याला मिळतं.

काउंटरशी जा आणि काहीतरी अवघड मागा. महोत्सवाची कार्यक्रमपत्रिका चाळताना तुम्हाला एक नाव दिसलंय, जे या गावात कुणाला उच्चारता येणार नाही: 'अमर भूपाळी'. व्ही. शांताराम, मुंबई. शाहीर होनाजी बाळाची गोष्ट भूमध्य समुद्राच्या काठी लागणार आहे, आणि ध्वनिमुद्रणासाठी तिचं इथे कौतुकही होणार आहे. तुम्ही म्हणता, मला हा चित्रपट बघायचाय. कोंसिएर्ज नाव वाचतो. ते त्याला येत नाही. पण तो तुम्हाला पुन्हा विचारत नाही, कागद तुमच्याकडे वळवत नाही; एक क्षण तुमच्या चेहऱ्याकडे बघतो आणि म्हणतो, "तुमच्या देशाचा. एक की दोन?" खोलीतल्या नळाबद्दल इथे मी काही लिहिणार नाही. सरबराई आता खोलीतून उठून लॉबीत येऊन बसलीय, टेलिफोनशेजारी.

शेवटचा जिना लांब आहे. २०१०, अटलांटिकचा काठ, बियारित्झ. समोरचं हॉटेल द्यू पाले तिसऱ्या नेपोलियननं १८५५ च्या सुमारास सम्राज्ञी युजेनीसाठी बांधलेल्या वाड्याच्या जागी उभं आहे. वाडा विकला गेला, हॉटेल झाला, १९०३ मध्ये जळाला, आणि नेग्रेस्कोच्याच निरमान्सनं तो पुन्हा उभारला. आता त्याची मालकी गावाच्या नगरपालिकेकडे आहे. नगरपालिकेचं पंचतारांकित हॉटेल! आपल्याकडच्या नगरपालिकेच्या विश्रामगृहात उतरलेल्यांनी या वाक्यावर क्षणभर थांबायला हरकत नाही.

या वेळी तुमच्या वहीला सरकारी अंग आहे. २००९ मध्ये फ्रान्समध्ये पाचवा तारा अधिकृत झाला; तोवर 'चार तारे, लक्स' म्हणून भागवत. आता शेकडो निकषांची यादी आहे, तारे पाच वर्षांपुरतेच मिळतात, आणि वरच्या दर्जासाठी तपासनीस ओळख लपवून राहतो. दोघांच्या खोलीला किमान २४ चौरस मीटर. म्हणजे साधारण २५८ चौरस फूट. त्याच सुमारास मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत एका कुटुंबाला आयुष्यभरासाठी २६९ चौरस फूट मिळत होते. आकडे शेजारी ठेवले आहेत, बाकी तुमचं तुम्ही बघा. वर्षभरानं, मे २०११ मध्ये, पाच ताऱ्यांच्याही वर 'पालास' हा किताब पहिल्यांदा आठ हॉटेलांना मिळेल. चार पॅरिसमधली, दोन बर्फातली, आणि समुद्रकाठची दोनच: काप-फेराचं ग्रँड हॉटेल आणि हे.

तुम्ही साधे प्रवासी म्हणून शिरता. हातात एक पुस्तक, डोक्याला टोपी. खोलीत गेल्याबरोबर जुनी सवय उफाळते: कडी, पितळ, चादर, नळ. सगळं मापात. मीटरपट्टीनं मोजता येतं ते सगळं इथे कुणीतरी आधीच मोजून ठेवलंय, आणि म्हणूनच ते तुमच्या काही उपयोगाचं नाही. सरबराईसाठी मग तुम्ही एक सापळा रचता. तुम्ही पलंगाच्या उजव्या बाजूला झोपता. सकाळी उठून उशी डावीकडे सरकवता, पुस्तक डाव्या टेबलावर पालथं ठेवता आणि फिरायला जाता. संध्याकाळी पलंग उघडायला येणारी बाई पाण्याचा ग्लास आणि चपला कुठल्या बाजूला ठेवते, बघू. रात्री परतता. डावीकडे. पुस्तकात एक फीत घालून ते मिटून ठेवलेलं. तुम्ही पानभर कौतुक लिहिता, आणि मनातल्या मनात स्वतःचंही थोडं.

दुसऱ्या दिवशी बिल चुकतं करून ओळखपत्र काढता. रीत अशी की लपून केलेली तपासणी संपली की उघडपणे मागची बाजू बघायची. मॅनेजर हसतमुख, तो तुम्हाला त्याच जिन्यानं खाली नेतो, इस्त्रीची यंत्रं, चादरींच्या थप्प्या, आगीची दारं. तिथे खोल्यांची मुख्य देखरेख करणारी बाई भेटते. पन्नाशीची, काळा पोशाख, चष्मा साखळीला. मॅनेजर ओळख करून देऊ लागतो, ती हात वर करून थांबवते.

"मला पहिल्या संध्याकाळीच कळलं होतं."

तुम्ही विचारता, कसं काय?

"सुट्टीवर आलेला माणूस खालचा ड्रॉवर उघडत नाही. तुमचा कागद एका कोपऱ्यात दुमडला होता."

तुम्ही हसता, पण वहीतलं ते पानभर कौतुक अजून तुमच्या हातात आहे, म्हणून उशीचं सांगता. बाजू बदलली होती, आणि तुमच्या हाताखालच्या मुलीनं ती बरोबर टिपली.

"झोपला होतात उजवीकडेच," बाई चादरींच्या थप्पीवरून हात फिरवत म्हणते. "गादीचा दाब डावीकडे नव्हता."

"मग ग्लास डावीकडे का ठेवलात?"

"तुम्हाला तेच बघायचं होतं ना?"